कुर्ल्याची मोटार आणि तिचा पिकअप

औंध संस्थानचा मुलूख यंत्राला कधीच परका नव्हता. 1910 साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि तेथे लोखंडी नांगर घडू लागले. तेव्हा या व्यासपीठावरून आम्ही मोटारीच्या पिकअपची कथा सांगितली, तर श्रोत्यांना ती अस्थानी वाटू नये.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून लहान मोटारी बनू लागल्या. 1964 च्या सुमारास आलेल्या नमुन्यालाच पुढच्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती, रिकामे वजन 890 किलोच्या आसपास. मुंबईची टॅक्सी म्हणून ती सर्वांना ठाऊक झाली, आणि ‘गाडीला पिकअप नाही’ ही तक्रारही तिच्याबरोबरच फिरत राहिली.

पिकअप म्हणजे काय, हे बैलगाडीवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. जोडी तीच असली तरी कडब्याची गाडी झटकन निघते आणि उसाची भरलेली गाडी जागची हलता हलत नाही. मोटारीतही चाकापाशी पोहोचणारी ओढ आणि एकूण वजन यांच्या प्रमाणावर सारे अवलंबून असते. इंजिनाचा फिरवण्याचा जोर गिअर वाढवून देतो. पहिल्या गिअरमध्ये ओढ पुष्कळ, पण वेग थोडा. वेग वाढत गेला की शेवटी अश्वशक्तीच कामाला येते, आणि हवेचा अडथळाही तेव्हाच जाणवू लागतो. शिवाय क्लच घसरत असेल, ब्रेक चाकाला धरून राहत असेल, तर चांगले इंजिनही लंगडे ठरते.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. तिचे इंजिन 796 घनसेंटिमीटरचे, अश्वशक्ती चाळिशीच्या आतच. म्हणजे फियाटपेक्षा जास्त नाही. तरी ती चपळ वाटे, कारण वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. हिशेब करून पाहा: रिकाम्या फियाटला टनामागे सुमारे 45 अश्वशक्ती, मारुतीला सुमारे 58. आता दोन्हींत साठ किलोंची पाच माणसे बसवा. आकडे 34 आणि 40 वर येतात. तेरांचा फरक सहांवर आला! ओझे हलक्या गाडीलाच अधिक जाचते. लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेली मारुती घाटात का धापा टाकी, त्याचे उत्तर यात आहे.

फियाट मंद म्हणून कामगाराला बोल लावणारे सुशिक्षित आम्ही पुष्कळ पाहिले. वाल्वची फट नीट ठेवणे कामगाराच्या हातात; सिलिंडर केवढा असावा, हे त्याला कोण विचारतो? या इंजिनाचे मूळ 1937 च्या इटालियन गाडीत होते. इटलीत ती जात 1969 साली बंद झाली. कुर्ल्यात ती 2000 च्या सुमारापर्यंत चालली. किती गाड्या काढायच्या हे परवान्याने ठरे, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे, मग नवे इंजिन कोण कशाला करील? कामाच्या वेगावर मात्र कारखान्यात बारीक नजर असे. मोटार खात्यातल्या उत्पादन-बोनसचा तंटा तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि असले वाद दिवाणी कोर्टाचे नव्हेत, असा निकाल 1975 साली लागला. कामगार चळवळीत तो निकाल आजही वाचला जातो.

हलकेपणाचे मर्म आपल्याकडे कोणाला उमगले नव्हते, असे मात्र नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस ‘मीरा’ नावाची चिमुकली मोटार स्वतः बांधली. इंजिन मागे, झटके सोसायला रबर; आणि 1970 च्या दशकापर्यंत ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. तिचा कारखाना कधी उभा राहिला नाही. कुर्ल्याच्या गाडीची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.