विसरलेले आयरिश बँड आणि ‘संशोधन झालेलं नाही’ हे वाक्य

पीएचडीच्या आराखड्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही, म्हणून प्रस्तुत अभ्यासाची गरज आहे.’ पेटची किंवा मुलाखतीची तयारी करणाऱ्या अनेकांच्या वहीत ते आत्ताही लिहिलेलं असेल. वाक्य खोटं नसतं, पण पुरेसंही नसतं. संशोधन न झालेल्या गोष्टी जगात असंख्य आहेत. त्यांतली हीच का निवडली, ते या वाक्यातून कळत नाही. शिवाय एखादी गोष्ट ‘विसरली गेली’ म्हणून ती मोलाची होती, असं आपण नकळत गृहीत धरतो.

हा मुद्दा आज एका लांबच्या उदाहरणावरून बघू: १९८० च्या दशकातले आयर्लंडचे रॉक बँड, यूटू सोडून बाकीचे. विषय लांबचा असला की एक फायदा होतो. अभिमान मध्ये येत नाही, त्यामुळे युक्तिवादाचा सांगाडा स्पष्ट दिसतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या १९८६ मध्ये साधारण ३५ लाख होती. बेरोजगारी १७ टक्क्यांच्या आसपास होती. तरुण मुलं लंडनला, बोस्टनला निघून जात होती. एप्रिल १९८९ ला संपलेल्या एकाच वर्षात, आलेले वजा करून, सुमारे ४४ हजार लोक देशाबाहेर गेले. १७ मे १९८६ ला डब्लिनमध्ये ‘सेल्फ एड’ नावाची दिवसभराची मैफल झाली, तीही बेरोजगारीसाठीच. सरकारने करायचं काम गाणाऱ्यांच्या गळ्यात का, अशी टीका तेव्हाही झाली होती.

अशा देशात रॉक संगीताची यंत्रणा मात्र नुकतीच उभी राहिली होती. १९७७ मध्ये ‘हॉट प्रेस’ हे पाक्षिक निघालं. १९७९ मध्ये सरकारी नभोवाणीची तरुणांसाठीची वाहिनी सुरू झाली आणि डेव्ह फॅनिंग रात्रीच्या कार्यक्रमात नव्या बँडची गाणी लावू लागला. यूटूच्या पहिल्या छोट्या रेकॉर्डची मुख्य बाजू कोणती असावी, हे फॅनिंगच्या श्रोत्यांनीच मत देऊन ठरवलं होतं. यूटू मोठे झाले, १९८७ च्या ‘द जोशुआ ट्री’ने तर जगभर पोचले, आणि लंडनच्या कंपन्यांची माणसं ‘पुढचे यूटू’ शोधत डब्लिनला खेटे घालू लागली. बऱ्याच बँडना करार मिळाले, थोडक्यांचेच टिकले. पुढच्या लिखाणात मग हे सगळे एकाच ओळीत बसवले गेले: ‘पुढचे यूटू होऊ न शकलेले’.

या ओळीचा कर्ता नीट बघा. वाक्य त्या बँडबद्दल आहे, पण मोजपट्टी दुसऱ्याची आहे. इथूनच आपले तीन प्रश्न सुरू होतात.

प्रश्न पहिला: विसरलं कोण?

‘विस्मृतीत गेलेले’ हे आराखड्यांतलं लाडकं रूप. त्यात विसरणारा दिसत नाही. म्हणून आधी विसरणारा शोधायचा.

डब्लिनच्या फिंग्लस भागातल्या ‘अ‍ॅस्लन’चं उदाहरण घ्या. १९८८ मध्ये त्यांचा ‘फील नो शेम’ हा अल्बम ईएमआयने काढला आणि तो आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी गायक क्रिस्टी डिग्नमला हेरॉइनच्या व्यसनापायी बँडमधून काढावं लागलं. परदेशात पुढे त्यांचं फारसं काही झालं नाही. लंडनहून बघणारा त्यांना ‘विसरलेले’ म्हणेल. पण जून २०२३ मध्ये डिग्नम वारला तेव्हा फिंग्लसचे रस्ते लोकांनी भरून गेले होते. म्हणजे जगाने विसरलं, गावाने नाही. हा विस्मृतीचा विषयच नाही. हा स्थानिक आणि जागतिक प्रसिद्धीतल्या अंतराचा विषय आहे, आणि त्याला वेगळा आराखडा लागतो.

उलट ‘मायक्रोडिस्नी’ बघा. १९८० मध्ये कॉर्क शहरात काहल कॉक्लन आणि शॉन ओ’हेगन यांनी हा बँड सुरू केला, १९८३ मध्ये दोघं लंडनला गेले. रफ ट्रेडने काढलेला ‘द क्लॉक कम्स डाउन द स्टेअर्स’ (१९८५) हा त्यांचा सर्वांत नावाजलेला अल्बम. १९८८ मध्ये बँड फुटला. ब्रिटिश लेखकांनी त्यांना आयरिश म्हणून एका बाजूला ठेवलं, आयरिश बाजूने ते निघून गेलेले. ही स्थलांतरितांची विस्मृती. कुठल्याच राष्ट्रीय इतिहासाने त्यांना आपलं पान दिलं नाही. आणि तरीही २०१८ मध्ये डब्लिनच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलमध्ये तोच अल्बम त्यांनी पुन्हा वाजवला, तेव्हा ऐकायला माणसं होतीच.

दोन्ही बँडना एकच विशेषण लावलं, पण कारणं वेगळी निघाली. संज्ञा आधी फोडून घ्यायची, ती यासाठी.

प्रश्न दुसरा: मागे काय उरलं?

इतिहास साधनांवर चालतो, आणि साधनं सगळ्यांची सारखी उरत नाहीत.

कॉर्कच्या रेल्वे स्टेशनजवळ ‘आर्केडिया’ नावाचा जुना नाचघर-हॉल होता. १९७७ ते १९८१ या काळात एल्व्हेरा बटलर यांनी तिथे ‘डाउनटाउन कॅम्पस’ या नावाने कार्यक्रमांच्या रात्री भरवल्या. १९८० मधल्या अशाच एका रात्रीचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी ‘कॉट अ‍ॅट द कॅम्पस’ या छोट्या रेकॉर्डवर आलं. बटलर यांच्याच ‘रीकस’ कंपनीने ते काढलं. त्यात मायक्रोडिस्नी होते, तसा ‘नन अटॅक्स’ हा बँडही होता. त्याचा गायक फिनबार डॉनली. हाच बँड पुढे ‘फाइव्ह गो डाउन टू द सी?’ या नावाने लंडनला गेला. नावातलं प्रश्नचिन्ह त्यांचंच. १९८३ ते १९८५ मध्ये त्यांनी तीन छोट्या रेकॉर्ड काढल्या, पूर्ण अल्बम एकही नाही. जून १९८९ मध्ये डॉनली लंडनच्या हाइड पार्कमधल्या तळ्यात बुडून गेला. वय २७.

त्यांना पाहिलेले लोक सांगतात की त्यांची खरी ताकद मंचावर होती: तालाचे तुकडे, आरडाओरडा, विनोद आणि धमकी यांच्या मधलं काहीतरी. आता हे सिद्ध कसं करायचं? त्या रात्रींच्या फार थोड्या खुणा उरल्यात. रेकॉर्ड हे प्राथमिक साधन आहे, पण ते त्या कार्यक्रमाचं नाही, स्टुडिओतल्या एका दुपारचं आहे. आठवणी मंचाबद्दल बोलतात, पण त्या चाळीस वर्षांनी सांगितलेल्या, आणि डॉनलीच्या अकाली मृत्यूने रंगलेल्या. दोन्ही साधनं वापरायची, पण कुठलं कशाचा पुरावा आहे हे प्रत्येक वेळी लिहायचं. मार्गदर्शक ‘साधनांची चिकित्सा करा’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच अपेक्षित असतं. नुसती ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ अशी यादी करून भागत नाही.

साधनांच्या असमतोलाचं सर्वांत मजेशीर उदाहरण कादंबरीतलं आहे. रॉडी डॉयल यांची ‘द कमिटमेंट्स’ १९८७ मध्ये आली, तिच्यावर १९९१ मध्ये सिनेमा निघाला. डब्लिनच्या कामगार वस्तीतला बँड म्हटलं की जगाला हा आठवतो, जो कधी अस्तित्वातच नव्हता! त्याच शहरातल्या रिंग्सएंड या कामगार वस्तीतून आलेला ‘द ब्लेड्स’ हा खराखुरा बँड मात्र सांगावा लागतो.

प्रश्न तिसरा: गुण मोजायचे कशाने?

इथे बहुतेक जण घसरतात. ‘अत्यंत दर्जेदार पण दुर्लक्षित’ असं लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण दर्जा म्हणजे काय, हे सांगितलं नाही तर ते रसिकाचं मत राहतं, संशोधकाचं विधान होत नाही. विधान असं हवं की समोरच्याला ते तपासता येईल आणि खोडूनही काढता येईल. तीन नमुने देतो.

एक. द ब्लेड्सच्या पॉल क्लिअरीचा गुण असा की त्याने बेकारी हा घोषणेचा नव्हे, तर रोजच्या दिवसाचा विषय केला. १९८३ चं ‘डाउनमार्केट’ हे गाणं रिकाम्या खिशाच्या माणसाच्या नजरेतून शहर बघतं, आणि तेही ब्रास वाद्यांच्या ठेक्यावर, पाय हलवायला लावत. १९८५ च्या अल्बमचं नाव ‘द लास्ट मॅन इन युरोप’. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीचं आधी योजलेलं नाव हेच होतं. हे विधान तपासता येतं: त्याच वर्षांतली इतर गाणी घ्या, कोणी बेकारीवर काय आणि कसं लिहिलं ते शेजारी शेजारी ठेवा.

दोन. मायक्रोडिस्नीचा गुण विसंगतीत आहे. ओ’हेगनच्या चाली मऊ, रेडिओवर सहज खपतील अशा. त्यावर कॉक्लनचे शब्द कडू, संतापलेले. वर्णभेदी राजवटीच्या काळात त्यांनी दक्षिण आफ्रिकेवर उघड शिवी असलेलं नाव एका रेकॉर्डला दिलं होतं, आणि आतलं संगीत मात्र हळुवार. गोड चाल आणि विखारी शब्द यांची ही जोडी अपघात होती की पद्धत? एकाच गाण्यात दिसली तर अपघात म्हणता येईल. चार वर्षांच्या अल्बमांत सातत्याने दिसली तर पद्धत. म्हणजे गाणी मोजावी लागतील.

तीन. उत्तरेकडचे दोन बँड एकत्र वाचले तरच त्यांचा गुण कळतो. बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट कामगार वस्तीतून आलेल्या ‘रूफ्रेक्स’ने १९८५ मध्ये ‘द वाइल्ड कलोनियल बॉय’ हे गाणं काढलं. अमेरिकेत सुरक्षित बसून सशस्त्र लढ्याला पैसे पाठवणाऱ्या आयरिश-अमेरिकनांवर त्यात थेट टीका होती. दुसरीकडे ‘द अंडरटोन्स’ १९८३ मध्ये फुटल्यावर डेरीच्या ओ’नील बंधूंनी ‘दॅट पेट्रोल इमोशन’ सुरू केला. ‘मॅनिक पॉप थ्रिल’ (१९८६) आणि ‘बॅबल’ (१९८७) हे त्यांचे अल्बम. ब्रिटिश राजवट उत्तरेत काय करते आहे याची माहिती ते रेकॉर्डच्या वेष्टनावर छापायचे. दोघांचं राजकारण जवळपास उलट. पण उत्तरेतल्या संघर्षावर रॉक संगीताने गप्प बसावं ही सोयीची रीत दोघांनीही मोडली. एकालाच घेतलं तर आपण नकळत एका बाजूचा इतिहास लिहू.

यावर एक आक्षेप, आणि तो रास्त आहे

कोणी म्हणेल: अहो, विसरले गेले कारण मुळात तितके चांगले नव्हते. सगळ्यांना कशाला उकरून काढताय?

काहींबद्दल हे खरंच असू शकतं. ‘पुढचे यूटू’ हवे होते, म्हणून यूटूसारखे वाजवणाऱ्यांना करार मिळाले, आणि असल्या सावल्यांची आठवण राहत नाही. म्हणून विस्मृती हा गुणवत्तेचा पुरावा नाही. पण मग यश हाही नाही. यूटूचा पहिला अल्बम ‘बॉय’ (१९८०) ब्रिटनमध्ये ५२व्या क्रमांकाच्या पुढे गेला नव्हता. त्यांची कंपनी थांबली, आणि १९८३ चा तिसरा अल्बम ‘वॉर’ पहिल्या क्रमांकावर पोचला. द ब्लेड्सच्या वाट्याला हा धीर आला नाही. मोठ्या अमेरिकन कंपनीसाठी लंडनमध्ये रेकॉर्ड केलेला त्यांचा अल्बम त्या कंपनीने काढलाच नाही. शेवटी तो छोट्या रीकसने काढला, आणि १९८६ मध्ये बँड थांबला.

आता या दोन गोष्टींवरून ‘धीर मिळाला असता तर ब्लेड्स यूटू झाले असते’ असं म्हणता येईल का? नाही. तो कल्पनेचा इतिहास झाला. एवढंच म्हणता येईल की यश आणि गुण यांच्यामध्ये भांडवलाचा धीर नावाची एक गोष्ट उभी असते, आणि तिचा हिशेब न धरता क्रमवारीवरून गुण ठरवणं चूक आहे. विधान छोटं झालं, पण पक्कं झालं.

मग आराखड्यात काय लिहायचं?

सुरुवातीच्या वाक्यावर परत येऊ. ‘आयरिश बँड्सवर संशोधन झालेलं नाही’ याऐवजी असं लिहून बघा: ‘१९८० च्या दशकात लंडनला गेलेल्या कॉर्कच्या बँडना आयरिश आणि ब्रिटिश या दोन्ही संगीत-इतिहासांत जागा का मिळाली नाही?’ यात काळ आहे, जागा आहे, विसरणारा कोण ते आहे, आणि उत्तर चुकू शकतं. चुकू शकणारं उत्तर असलेला प्रश्न हाच संशोधनाचा प्रश्न.

तुमचा विषय खानदेशातल्या तमाशा फडांचा असो, बंद पडलेल्या साप्ताहिकांचा असो, नाहीतर एखाद्या विसरलेल्या कवयित्रीचा. आराखडा उघडा, ‘दुर्लक्षित’ आणि ‘विस्मृतीत गेलेले’ हे शब्द शोधा, आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहा: कोणी? कोणत्या साधनांवरून म्हणता? गुण कशात? ज्यांची उत्तरं मिळतील ते शब्द ठेवा. बाकीचे खोडा.

आणि दमलात की ‘द क्लॉक कम्स डाउन द स्टेअर्स’ लावा. पहिल्यांदा नुसती चाल ऐका, दुसऱ्यांदा शब्द.