काठी, शाबासकी आणि कुत्र्याची शाळा

थॉर्नडाइकचे मांजर, पावलॉव्हचा कुत्रा आणि स्किनरचे कबूतर यांची भेट डी.एड. किंवा बी.एड.च्या अभ्यासात सर्वांनाच होते आणि परीक्षा संपली की बहुधा तिथेच संपते. पण या तिघांच्या सिद्धांतांची खरी कसोटी लागली ती वर्गात नव्हे, तर कुत्र्यांच्या प्रशिक्षणात. कुत्रा पाठांतर करत नाही आणि शिकवणाऱ्याला बरे वाटावे म्हणून समजल्याचा आवही आणत नाही. म्हणून हा इतिहास शिक्षकांनी वाचण्याजोगा आहे.

1898 मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेली मांजरे आणि कुत्रे पेटीत कोंडून ती बाहेर कशी पडतात याची वेळ मोजली. दोरी ओढली किंवा कळ दाबली की दार उघडे आणि खाऊ मिळे. दर खेपेला वेळ कमी होत गेला. त्यावरून त्यांनी 'परिणामाचा नियम' मांडला: सुखद परिणाम झालेली कृती पक्की होते, दुःखद परिणाम झालेली कृती पुसली जाते. पाठ्यपुस्तक बहुतेक वेळा इथेच थांबते. थॉर्नडाइक मात्र थांबले नाहीत. माणसांवर पुढे अनेक प्रयोग केल्यावर 1932 मध्ये त्यांनी आपला नियम दुरुस्त केला. बक्षिसाने कृती पक्की होते हे खरे. पण शिक्षेने ती तितक्याच प्रमाणात पुसली जात नाही, असे त्यांना आढळले होते.

व्यवहारात मात्र शिक्षेचाच पगडा होता. कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने 1910 मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर गाजलेले पुस्तक लिहिले. बक्षिसाचे महत्त्व मोस्ट जाणून होते, पण त्यांचा भर सक्तीवर, टोचणाऱ्या पट्ट्यावर आणि छडीवर होता. पोलीस आणि लष्करातली ही रीत घरगुती कुत्र्यांपर्यंत पोचली. 1947 मध्ये रुडोल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांमधील झुंजींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 'मालकाने कळपाचा म्होरक्या बनून कुत्र्याला दाबात ठेवावे' या समजुतीला त्याचा आधार घेतला गेला. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंबच असते, हे डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये स्पष्ट केले.

वेगळी वाट सापडली ती एका पिठाच्या गिरणीत. 1943 मध्ये मिनिआपोलिस शहरातील गिरणीच्या माळ्यावर बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी युद्धकार्यासाठी कबुतरांना शिकवत होते. फावल्या वेळात त्यांनी एका कबुतराला चोचीने चेंडू ढकलायला शिकवायचे ठरवले. त्याने चेंडूला टोला मारला की दाणे द्यायचे, असे ठरवून ते थांबले. पण टोला काही येईना. मग त्यांनी अपेक्षा कमी केली. चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा. मग जवळ गेले की दाणा. मग चोच लागली की दाणा. काही मिनिटांत कबूतर चेंडू टोलवू लागले.

त्या गटात केलर ब्रेलंड होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मारियन यांनी विद्यापीठ सोडून 1947 मध्ये प्राणी शिकवण्याचा व्यवसायच सुरू केला. योग्य कृती होताच 'टिक्' असा आवाज करायचा आणि मग खाऊ द्यायचा, ही युक्ती त्यांनी कुत्र्यांसाठी वापरली. खाऊ हातातून तोंडापर्यंत जाईतो कुत्रा दुसरेच काही करू लागतो. आवाज मात्र नेमका तो क्षण टिपतो.

पुढे ब्रेलंड दांपत्यालाही धडा मिळाला. 1961 मध्ये त्यांनी 'प्राण्यांचे गैरवर्तन' या आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. नाणी डब्यात टाकायला शिकवलेला रकून दोन नाणी हाती आली की ती टाकण्याऐवजी एकमेकांवर चोळत बसे. बक्षीस हुकले तरी सोडत नसे. अन्न चोळून, चाचपून पाहणे ही रकूनची उपजत वृत्ती. बक्षीस कितीही दिले तरी प्राण्याचा स्वभाव बाजूला सारता येत नाही.

या जाणिवेतूनच परिसर समृद्ध करण्याच्या विचाराला बळ मिळाले. 1970 च्या दशकात हॅल मार्कोविट्झ यांनी अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात गिबन वानरांना अन्न आयते न देता कळ ओढून आणि झोके घेत जाऊन मिळवू दिले. कुत्र्याचेही तसेच. दिवसभर बांधलेला कुत्रा भुंकतो, चपला कुरतडतो. त्याला हुंगायला, चावायला, दडवलेला खाऊ शोधायला मिळाले, तर अनेकदा तक्रारच कमी होते. उलट गुरगुरण्याबद्दल मारले, तर भीती तशीच राहते आणि जाते ती फक्त पूर्वसूचना.

शिक्षेची दुसरी बाजू 1967 मध्ये दिसली. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. काहींना डोक्याने फळी दाबून धक्का थांबवता येई. काहींना तितकेच धक्के बसत, पण थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. नंतर सुटकेची सोपी वाट दिली, तेव्हा दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे धक्के सोसत पडून राहिले. प्रयोग क्रूर होता. 2016 मध्ये याच दोघांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे अर्थ उलटा करून सांगितला: दीर्घ त्रासापुढे निपचित होणे ही मूळ प्रतिक्रियाच आहे, शिकावे लागते ते 'माझ्या करण्याने काही बदलते' हे. 2020 मध्ये पोर्तुगालमधील संशोधकांनी 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धाक-शिक्षेच्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक होती आणि प्रशिक्षणानंतर लाळेतील कॉर्टिसॉलही अधिक वाढलेले आढळले.

मूल म्हणजे कुत्रा नव्हे. त्याच्याशी बोलता येते, त्याला कारण सांगता येते. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. छडी गेली, पण तिच्या जागी काय आणायचे, हे कायदा सांगू शकत नाही. गप्प बसलेला वर्ग शांत आहे की निपचित, हे ओळखणे शेवटी शिक्षकाच्याच हाती आहे.