एक नाव, अनेक सर्व्हर

अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी एखादे सरकारी संकेतस्थळ उघडले नाही, की 'सर्व्हर कमी पडले' असे उत्तर मिळते. ते नेहमीच खरे नसते. कधीकधी सर्व्हर पुरेसे असतात. त्यांच्याकडे नेणारी नोंदच चुकलेली असते. या नोंदीचा इतिहास प्रशासनात काम करणाऱ्यांनी जाणून घ्यावा असा आहे.

अर्पानेटच्या काळात सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलीत असत. ही फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले, तशी ही केंद्रीय व्यवस्था अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिचे मर्म अधिकारांच्या विकेंद्रीकरणात होते. प्रत्येक संस्थेने आपली नोंद आपणच ठेवावी आणि इतरांनी मिळालेले उत्तर ठराविक काळ जवळ बाळगावे, अशी ती योजना होती. हा काळ, म्हणजे टीटीएल, नोंदीतच सेकंदांत लिहिलेला असतो.

पुढे वेब आले आणि गर्दी वाढली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्राने १९९४ च्या सुमारास एकाच नावापुढे अनेक सर्व्हरचे पत्ते लिहून ते आळीपाळीने देण्याची युक्ती वापरली. युक्ती स्वस्त होती, पण आंधळी होती. डीएनएसला सर्व्हर जिवंत आहे की बंद, हे कळत नाही; बंद सर्व्हरच्या वाट्यालाही माणसे जातच राहतात. शिवाय एखाद्या मोठ्या सेवादात्याने एक उत्तर जपून ठेवले, की त्याचे हजारो ग्राहक एकाच दारी लोटले जातात.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिस्कोचे लोकल डायरेक्टर आणि एफ-फाइव्हचे बिग-आयपी यांसारखी स्वतंत्र यंत्रे बाजारात आली. अशा लोड बॅलन्सरला एक आभासी पत्ता असतो. डीएनएसच्या ए-नोंदीत तेवढाच लिहायचा. सर्व्हरचे खरे पत्ते आत राहतात. यंत्र त्यांची वरचेवर विचारपूस करते आणि आजारी सर्व्हरकडे काम पाठवणे थांबवते. आपल्या आवक विभागाची पद्धत हीच आहे. पत्र पदनामाने येते. ते कोणत्या टेबलावर जाईल, हे आत ठरते. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हे योग्यच. प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्यापेक्षा सर्व खिडक्यांसाठी एकच रांग असली, तर एक खिडकी रिकामी आणि दुसरीपुढे गर्दी असे होत नाही.

मात्र यंत्र घेतल्याने टीटीएल संपत नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने आपले संकेतस्थळ नव्या लोड बॅलन्सरमागे हलवले. नोंद रात्री बदलली आणि जुना सर्व्हर लगेच बंद केला. टीटीएल होता ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस. दुसरा दिवस अर्जांचा अखेरचा. कुणाला संकेतस्थळ दिसत होते, कुणाला नाही. आणि तक्रार करणाऱ्यांना 'आमच्याकडे तर चालते आहे' असे प्रामाणिक उत्तर मिळत होते.

उपाय साधा होता. बदलाच्या किमान एक दिवस आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणायचा, मग नोंद बदलायची आणि जुन्या पत्त्यावरची ये-जा थांबेपर्यंत तो सर्व्हर चालू ठेवायचा. बदली झालेल्या अधिकाऱ्याने नव्या अधिकाऱ्याला कार्यभार सोपवल्याशिवाय खुर्ची सोडू नये, हा नियम आपण जाणतोच.

त्या कार्यालयाने मुदत एका दिवसाने वाढवली. परंतु ती वाढल्याचे ज्यांना वेळेत कळले नाही, त्यांची संख्या कोणत्याही फाइलीत नोंदलेली नाही.