इंजिनातील टकटक

देवास-भोपाळ रस्त्यावरील सोनकच्छसारख्या गावी मिस्त्री पेचकसाचे टोक इंजिनाला व मूठ कानाला लावून अनोळखी आवाजाचे मूळ शोधतात. अशाच एका टकटकीचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो. अमेरिकेत तिचा दोष प्रथम ठिणगीच्या यंत्रणेवर आला. टकटक ठिणगीनंतर उद्भवते, हे मिजली यांनी दाखविले. १९२१ साली पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळताच टकटक थांबली. परंतु १९२४ साली ते बनविणारे कामगार दगावले, आणि पुढे धुरावाटे शिसे मुलांच्या रक्तात उतरले. असे पेट्रोल मोटारींसाठी भारतात २००० साली, जगात २०२१ साली बंद झाले. निदान अचूक असूनही उपचार घातक ठरू शकतो, हे आपण विसरू नये.