मुका शिकारी, बोलका शिकारी

पारनेर, श्रीगोंदा, कर्जतच्या माळरानावर ससा दिसतो तो बहुधा पायाजवळून उठतानाच. गवताच्या ठोंबाला किंवा दगडाच्या आडोशाला तो अंग चोरून बसलेला असतो आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही. उठला की मात्र पाहता पाहता टेकाड गाठतो. मानेवरच्या काळ्या डागामुळे शास्त्रज्ञांनी त्याला ‘निग्रिकोलिस’, म्हणजे काळ्या मानेचा, असे नाव दिले. मोकळ्या माळावर पळणारा ससा दूरवर दिसत राहतो. या एका गोष्टीने दख्खनच्या शिकारी कुत्र्याचा स्वभाव घडवला. हा कुत्रा सावजामागे धावताना भुंकत नाही.

इंग्लंडमध्ये सशाच्याच शिकारीसाठी वाढवलेला बीगल याच्या अगदी उलट. आखूड पायांचा, लोंबत्या कानांचा हा कुत्रा वासावर माग काढतो आणि माग मिळाला की हेल काढून आवाज देत धावतो. आवाज दिला नाही तर तो कुचकामी ठरतो आणि उगाच दिला तरी कुचकामीच ठरतो. कोवळ्या बीगलची उगाच भुंकण्याची खोड कशी मोडायची, हा तिकडच्या शिकाऱ्यांपुढचा जुना प्रश्न आहे. सावज तेच असताना भुंकण्याविषयी दोन मुलखांत इतका वेगळा न्याय का लागू झाला, ते पाहण्यासारखे आहे.

आधी आपल्याकडचा कुत्रा. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी मुंबई इलाख्याची सांख्यिकी गोळा करत दख्खनभर फिरला. १८३१ मध्ये त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. रानकुत्र्याचे ‘कोळसून’ हे मराठी नाव त्या यादीत आहे. पाळीव कुत्र्यांमध्ये त्याने ‘ब्रिंजारी’ कुत्रा नोंदवला आणि तो इराणी ग्रेहाउंडसारखा दिसतो असे म्हटले. ब्रिंजारी म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फिरणारे बंजाऱ्यांचे तांडे. लांब तोंडाचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा कारवान आजही आपल्या नावात तांड्याची आठवण बाळगून आहे. याच वळणाच्या कुत्र्याची जोपासना मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी केली, आणि २००५ मध्ये मुधोळ कुत्रा भारतीय टपाल तिकिटावर आला.

हा कुत्रा डोळ्यांनी शिकार करतो. ससा त्याला दिसतो, आणि ससा व कुत्रा दोघेही मालकाला दिसतात. अशा वेळी भुंकून कोणाला काय सांगायचे? चार-दोन मिनिटांच्या जीवघेण्या धावेत श्वास मोलाचा. तो आवाजावर खर्च करणे परवडत नाही.

आता बीगल. कुंपणे, झुडपे आणि ओल्या गवताच्या मुलखात ससा उठल्यावर लगेच दिसेनासा होतो. मागे राहतो तो फक्त वास. शिकारी पायी असतो, कुत्री पुढे गेलेली असतात. पाठलाग सुरू झाला की ससा सरळ दूर न जाता मोठे वळण घेऊन पुन्हा आपल्या ओळखीच्या जागेकडे येतो. त्यामुळे जाणता शिकारी एका जागी उभा राहून कान देतो. आवाज कुठे सरकतो यावरून ससा कुठे आहे ते त्याला कळते. इथे कुत्र्याचा आवाज म्हणजे बातमी. बातमी खोटी निघाली की सगळा कळप भलतीकडे धावतो आणि खरा माग थंड होतो. म्हणून इंग्रज शिकाऱ्यांनी अशा वाचाळ कुत्र्याला वेगळे नावच दिले होते. मुका कुत्राही त्यांना तितकाच नकोसा, कारण तो माग घेऊन एकटाच पुढे निघून जातो आणि बाकीचे मागे चाचपडत राहतात. नगरच्या माळावरचा गुण तिकडे दोष ठरतो तो असा.

नगर जिल्ह्याला इंग्रजांची ओळख लवकर झाली. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे वेलिंग्टन म्हणून गाजलेल्या याच सेनापतीने स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत शिकारी कुत्र्यांचा कळप सोबत बाळगला होता. मुंबईच्या साहेबांनीही विलायतेहून कुत्री आणवून साष्टीत कोल्ह्यांमागे सोडली. दख्खनच्या छावण्यांतल्या अधिकाऱ्यांचे खरे वेड मात्र घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारण्याचे. १८२८ मध्ये मुंबईत शिकारीला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिकही सुरू झाले, ते या हौसेच्या बळावर.

त्याच माळावर फासेपारधी वाघूर लावून आणि फास मांडून ससे, तितर धरत होता. त्याची शिकार पोटासाठी होती आणि बिनआवाजाची होती. साहेबाची दौड खेळ म्हणून छापून आली. पारध्याची जमात मात्र १८७१ पासून पसरत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आली आणि १९५२ मध्ये तो कायदा जाईपर्यंत तिच्या प्रत्येक हालचालीवर पहारा राहिला. आवाज करत शिकार करणे कोणाला परवडत होते, हेही यातून दिसते.

वाचाळ पिलाला वळण लावण्याचा प्रश्न इंग्रजांहूनही जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफनने सशाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने कुत्र्यांच्या खोडींची यादीच दिली आहे. खोट्या मागावर गलका करणारी कुत्री तिच्यात आहेत. पिले आठ-दहा महिन्यांची झाली की त्यांना रानात न्यावे, सुरुवातीला दोरी सोडू नये, ससा दिसेनासा झाल्यावरच मोकळे करावे, असा त्याचा सल्ला. समोर ससा दिसत असताना सोडले तर पिलू जिवाच्या आकांताने धावते आणि आपल्या कोवळ्या अंगाला इजा करून घेते. नावे आखूड ठेवावीत, म्हणजे हाक चटकन देता येते, हेही तो सांगतो.

पाचशे वर्षांनी एरियनने त्यात भर घातली. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा आणि भारताच्या वर्णनाचा लेखक म्हणून आपण त्याला ओळखतो. तोच कुत्र्यांवरही लिहून गेला. चांगले धावल्यावर कुत्र्याचे डोके कुरवाळावे, नाव घेऊन शाबासकी द्यावी, असे तो म्हणतो. त्याच्या होर्मे नावाच्या कुत्रीला लहानपणी चाबकाचा मार बसला होता. मोठेपणी कोणी नुसते चाबकाचे नाव काढले तरी ती त्या माणसाजवळ जाऊन अंग आक्रसून आर्जव करी. माराने भुंकणे थांबते, पण त्याच्या जागी काय येऊन बसते, ते होर्मेने सांगून ठेवले आहे.

आजचे जाणते बीगल-पालकही याच वाटेने जातात. उतावळ्या पिलांचा घोळका एकत्र सोडायचा नाही. एका शांत, अनुभवी कुत्र्याबरोबर पिलाला न्यायचे. त्याने उगाच गलका केला तर तिकडे लक्ष द्यायचे नाही. खऱ्या मागावर आवाज दिला की कौतुक करायचे. बाकीचे काम वय करते.

हे धनगराला वेगळे शिकवावे लागत नाही. शेतात मेंढ्या बसवल्या की रात्री वाड्याभोवती कुत्री असतात. नवे पिलू वाऱ्यावर, सावलीवर, लांबच्या कोल्हेकुईवर भुंकत राहते. धनगर कूस बदलून झोपतो. म्हातारे कुत्रे गुरगुरून उठले की मात्र त्याचा हात काठीकडे जातो, कारण आता लांडगा असू शकतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट माणसाच्या पोराची म्हणून आपण ऐकली, पण वाड्यावर ती रोज रात्री कुत्र्यांमध्ये घडते. या धनगरांचा देव खंडोबा. त्याच्या पायाशी कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःला त्याचे कुत्रे मानून त्याच्यापुढे भुंकतात. पारनेर तालुक्यातल्या कोरठणला जाणाऱ्या भाविकांना हे नवे नाही. भुंकणे ही इथे चाकरी आहे, इमानाची ग्वाही आहे.

आता ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेत आहे आणि त्याची शिकार गुन्हा आहे. इंग्लंडनेही २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी होणारी सशाची शिकार थांबवली. तिथले कळप आता मुद्दाम टाकलेल्या वासावर धावतात. बीगल मात्र आपल्या शहरांत येऊन पोहोचला आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत. दिवसभर बंद दारामागे तो भुंकतो, शेजारी तक्रार करतात, आणि कधी कधी मालक त्याला गावाबाहेर सोडून येतो. शेकडो वर्षे माणसाने त्याला माग लागला की आवाज दे असे शिकवले आणि मग माग काढायला काही ठेवले नाही. घरात खाऊ लपवून तो वासावर शोधायला लावला, सकाळी दोरी सैल सोडून त्याला गवत हुंगू दिले, तर यातले बरेच भुंकणे कमी होते. चाबूक नको, गळ्यात विजेचा पट्टाही नको. त्याच्या नाकाला काम हवे, आणि त्याने खरी बातमी दिली तर ती ऐकायला कोणीतरी जवळ हवे.