बारावं नाव

मित्रहो, मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीला आपल्यातला एक जण दहावीतली भूगोलाची वही घेऊन आला. आत भूगोल जेमतेम चार पानं. पण शेवटच्या पानावर आपला 'जगातला सर्वोत्तम संघ' अजून शाबूत आहे! जुलै १९८६. मॅराडोनाने निम्मी इंग्लंड टीम चकवून केलेला गोल आपण घरच्यांची बोलणी खात मध्यरात्री दूरदर्शनवर पाहिला होता. तालमींच्या मॅचेसवर वाढलेली कोल्हापूरची पोरं आपण, महिनाभर दुसरा विषय नव्हता. यादीत मॅराडोना, पेले, झिको, प्लाटिनी, बेकेनबावर, रुमेनिगे; गोलकीपर रशियाचा लेव्ह याशिन.

ऑफ तासाला पीटीच्या सरांनी ती वही पकडली. आता फटके, असं वाटलं. सरांनी यादी वाचली आणि खाली लाल पेनने बारावं नाव लिहिलं : नेव्हिल डिसूझा. आपण हसलो. सर काही न बोलता गेले आणि ते नाव कुणीतरी खोडलं. तो कुणीतरी मी होतो. सर, हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

वही पाहिल्यावर राहवलं नाही, म्हणून जुनं वाचायला घेतलं. डिसूझा मूळचे गोव्याचे आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळायचे. सर शाळकरी वयात मुंबईला मामाकडे होते आणि कूपरेजवर मॅचेस बघायचे, हे आपल्याला ठाऊक होतं. दोन्हींचा संबंध जोडायची अक्कल तेव्हा नव्हती.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असं धुतलं. आपले कित्येक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ला मेलबर्नला गेलेल्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे रहीमसाहेब आणि कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. पहिली गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतली आणि भारत थेट पुढच्या फेरीत गेला. नशिबाचा भाग होताच, तो मी नाकारत नाही. पण १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच मैदानावर ४–२ हरवलं, ते नशीब नव्हे. त्यात तीन गोल नेव्हिल डिसूझांचे, चौथा किट्टूचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई.

उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. मध्यंतराला ०–०. नंतर पहिला गोल भारताचा, आणि तोही डिसूझांचाच. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला संघ काही मिनिटं का होईना, पुढे होता! हे वाचताना मी खुर्चीतून उठलो, बायकोने विचारलं काय झालं. पुढे अर्थात १–४ हरलो. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाकडूनही ०–३. भारत चौथा. इतक्या वर आपला फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा कधी गेला नाही. चार गोल करणारे डिसूझा स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत राहिले. सुवर्णपदक सोव्हिएत संघाला मिळालं, आणि त्यांच्या गोलात उभा होता आपला याशिन! म्हणजे सरांचा माणूस आणि आपला माणूस एकाच स्पर्धेत खेळले होते. एकाचं नाव आपण मासिकातून उतरवून घेतलं, दुसऱ्याचं खोडलं.

डिसूझा १९८०मध्ये वारले, पन्नाशीही न गाठता. म्हणजे सरांनी ते नाव लिहिलं, तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. अर्जुन पुरस्कारही त्यांच्या वाट्याला आला नाही.

आता प्रश्न अकरातून कुणाला काढायचं याचा. माझं मत रुमेनिगे. आपल्यातले जर्मनीवाले चिडणार, चिडू देत. सर मेळाव्याला येणार आहेत. ती वही आणि एक लाल पेन मी बरोबर आणतोय. नेव्हिल डिसूझा प्रत्यक्षात खेळायचे कसे, डाव्या पायाने मारायचे की उजव्या, हे सरांना विचारायचं आहे. त्या दिवशी ते आपण विचारलंच नाही.