सर्व्हर पडला की

१९९४ साली मी मुंबईत लॅनची कामं करायचो. फोर्टातल्या एका कचेरीतून फोन यायचा, "सर्व्हर पडला." मी आधी विचारायचो, "मशीन बंद केलंत का?" नाही म्हणाले की जीव भांड्यात पडायचा.

तेव्हा बहुतेक ठिकाणी सर्व्हरवर नॉव्हेलची नेटवेअर ३.११ ही प्रणाली असायची. पडला की पडद्यावर 'ॲबेंड' हा शब्द यायचा. तो आयबीएमच्या मेनफ्रेमवरून आलेला, 'ॲबनॉर्मल एंड'चं लघुरूप, म्हणजे अनैसर्गिक शेवट. लोक घाबरून वीज बंद करत आणि तिथेच सगळा पुरावा पुसला जाई.

खरं तर सर्व्हर अजून बोलू शकत असे. त्याच पडद्यावर 386debug असं टाइप केलं की आतला डीबगर उघडायचा आणि # ही खूण दिसायची. ॲबेंड न होता मशीन नुसतंच अडकलं असेल, तर दोन्ही शिफ्ट, आल्ट आणि एस्केप एकदम दाबायचे. दोन्ही हात गुंतत. मग नुसतं प्रश्नचिन्ह दिलं की प्रोसेसर कुठल्या मॉड्यूलच्या जवळपास थांबलाय ते कळायचं. .r दिलं की त्या वेळी चालू असलेली प्रोसेस. .c दिलं की अख्खी मेमरी फ्लॉपींवर उतरायची: १६ एमबीच्या मशीनला १.४४ एमबीच्या १२ फ्लॉपी. मी त्या एकेक करून बदलत बसायचो आणि मागे खातेवही घेऊन हिशेबनीस उभे असायचे. शेवटी q देऊन डॉसवर यायचं आणि server टाइप करायचं.

नेटवेअरमध्ये सगळी मॉड्यूल एकाच मेमरीत, प्रोसेसरच्या सर्वांत आतल्या पातळीवर, मध्ये भिंत न ठेवता चालत. वेग त्यातूनच यायचा आणि एका वाईट ड्रायव्हरमुळे सगळं घर कोसळायचं तेही त्यातूनच. म्हणून मॉड्यूलचं नाव हातात येणं फार मोलाचं. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा टेप बॅकअपचं किंवा लॅनकार्डच्या ड्रायव्हरचं नाव निघायचं. ते मी तारखेसह एका लांब वहीत लिहायचो. तीच वही पुढच्या फोनला वाट दाखवायची.

१९९६ मध्ये नेटवेअर ४.११ आलं. ते स्वतःच ABEND.LOG लिहायचं आणि सांगून ठेवलं असेल तर आपोआप पुन्हा सुरूही व्हायचं. माझ्या वहीतली शेवटची नोंद १९९७ची आहे: चौथ्या मजल्यावरचा सर्व्हर, रात्री पडला, पहाटेच्या आत उठला, सकाळी कुणाला कळलंही नाही.